स्वीकृतीचं पत्र

मराठी विज्ञानकथांच्या नव्या संग्रहासाठी लेखकांच्या परवानग्या मिळवणं हे सध्या माझं काम. त्यासाठी जुनं कपाट उपसताना एक पिवळी फाईल हाती लागली. आत चौदा फुलस्केप पानांवर निळ्या शाईत लिहिलेली कथा आणि आमच्या पत्राची स्थळप्रत : 'आपली कथा संग्रहासाठी स्वीकारली आहे.' पत्र अकरा वर्षांपूर्वीचं. खाली सही माझी.

तो संग्रह निघालाच नाही. संपादक सोडून गेले, नंतर लेखकांना कुणी कळवलं नाही. मीही नाही.

खुर्चीवर बसले आणि अमेरिकन लेखक-संपादक हार्लन एलिसन आठवला. १९६७ साली ३३ नव्याकोऱ्या कथांचा संग्रह काढून त्याने अमेरिकन विज्ञानकथेला धीट केलं. १९७२ ला दुसरा आला. तिसऱ्यासाठी शंभरावर कथा घेतल्या आणि २०१८ मध्ये तो वारला तरी पुस्तक नव्हतंच. वाट पाहता पाहता कित्येक लेखक त्याच्याआधी गेले. २०२४ मध्ये ते निघालं, तेव्हा घेतलेल्यांपैकी बऱ्याच कथा त्यात नव्हत्या. एलिसनच्या महिनाभर आधी गेलेला संपादक गार्डनर डोझ्वा मला म्हणूनच मोठा वाटतो. १९८४ पासून विज्ञानकथांची वर्षाला एक जाडजूड निवड, एकूण ३५ खंड. ज्यांना जागा देता आली नाही अशा चांगल्या कथांची यादीही तो शेवटी द्यायचा. एलिसनबद्दल मी नव्या मुलांशी किती तावातावाने बोलले आहे! आणि ही फाईल माझ्याच कपाटात होती.

पत्रावरचा नंबर लावला. मुलीने उचलला. बाबा तीन वर्षांपूर्वी गेले, म्हणाली. कथेचं नाव सांगताच तिने ओळखलं.

"मी म्हटलं होतं, दिवाळी अंकाला पाठवा. नाही पाठवली. म्हणायचे, त्यांनी घेतली आहे, आता ती त्यांची."

मला बोलवेना. मग मी माफी मागितली. ती थोडा वेळ गप्प राहिली.

"आता छापणार का?"

'हो' अगदी ओठांवर आलं होतं. पण निर्णय संपादकांचा, आणि संग्रह जवळजवळ भरलेला. म्हटलं, "आज रात्री मी ती वाचते, उद्या संपादकांना देते. शुक्रवारी संध्याकाळी फोन करते. नाही झालं, तर रविवारी पानं घेऊन स्वतः घरी येते."

"शुक्रवारी किती वाजता?" तिने विचारलं.