शेफचा मेनू आणि ताटल्यांची निवड

उपाहारगृहासाठी भांडी निवडताना मी आधी शेफचा मेनू नीट वाचते, कारण रस्सा असलेल्या पदार्थाला उभ्या काठाची खोलगट ताटली लागते, तर कोरडा पदार्थ सपाट, रुंद ताटलीतच खुलतो. सुमारे १२०० अंश सेल्सिअसला भाजलेले जाड स्टोनवेअर (घट्ट, टणक भाजलेल्या मातीची भांडी) आधी गरम करून ठेवले, तर पदार्थाची ऊब टिकवते. बोन चायना (हाडांची राख मिसळलेल्या चिनी मातीची भांडी) मात्र पातळ, हलके असते. सगळा संच एकाच नक्षीचा असावा, हा आग्रह मला पटत नाही. रंगाची छटा आणि काठाची जाडी जुळणे मला अधिक महत्त्वाचे वाटते. मॅट, म्हणजे चकाकी नसलेल्या, झिलईवर सुरीचे करडे ओरखडे उमटतात (ते बहुधा सुरीच्याच धातूचे असतात), म्हणून नमुन्याच्या ताटलीवर सुरी फिरवून पाहिल्याशिवाय मी होकार देत नाही.