दाराचं पॅड फुगतं ते पाण्याने

आमची मारुती ८०० बाबांनी १९९७ साली घेतली. पंधरा वर्षांची नोंदणी केव्हाच संपली, आता दर पाच वर्षांनी नूतनीकरण करून घेतो. इंजिन ठणठणीत आहे आणि इंदूरमध्ये राजेंद्रनगरहून राजवाड्यापर्यंतच्या गर्दीत आजही या गाडीइतकं सोपं काही नाही. बिघडलं होतं ते चालकाच्या बाजूच्या दाराचं आतलं पॅड. आत हार्डबोर्ड आणि वरून रेक्झिन, असं ते पॅड. खालची कड फुगून तिचे पापुद्रे सुटले होते, क्लिपांची भोकं फाटली होती, आणि दार लावलं की पॅड सुटून बाहेर यायचं.

८०० चं उत्पादन २०१४ मध्ये थांबलं. ब्रेक, क्लच, फिल्टर अजून कुठेही मिळतात, पण आतल्या पॅडचं तसं नाही. छोटी ग्वालटोलीतल्या पार्ट्सच्या दुकानात उत्तर मिळालं, "मॅडम, क्लिप जितने चाहिए ले जाओ, पैड अब नहीं आता." भंगारातल्या गाड्या पाहिल्या. तिथली पॅडंही फुगलेली, आणि सगळी खालच्याच कडेला. तेव्हा मनात पक्कं झालं की हा नुसता वयाचा दोष नाही, दारात पाणी येतंय. बाबा म्हणाले, "अगं, मग आधी ते पाणी शोध, पॅड नंतर."

पॅड काढणं हे या कामातलं सगळ्यात नाजूक काम. लॉकची वरची खुंटी फिरवली की निघते. हात ठेवायच्या हँडलचे स्क्रू समोरच दिसतात. अडतं ते काच वर-खाली करायच्या हँडलपाशी, कारण त्याला बाहेरून स्क्रूच नाही. हँडल आणि पॅड यांच्या मधल्या फटीत तारेचं एक छोटं लॉक असतं. पेचकस घालून उचकलं तर रेक्झिन फाटतं. जुन्या सुती कपड्याची पट्टी त्या फटीत घालायची, दोन्ही टोकं धरून ताणायची आणि डावी-उजवीकडे ओढत राहायची. कापडाचा धागा तारेत अडकतो आणि लॉक टुणकन उडतं. म्हणून ते झेलायला दुसऱ्या कोणाला तरी तिथे हात आडवा धरून उभं करावं. आमच्याकडे ते काम आईने केलं.

क्लिपा उचकताना सपाट, रुंद पट्टी अगदी क्लिपेच्या शेजारी घालायची. दोन क्लिपांच्या मधे जोर दिला की हार्डबोर्ड मोडतो. हे काम उन्हात गाडी उभी करून, प्लास्टिक जरा नरम झाल्यावर करावं. थंडीतल्या सकाळी जुन्या क्लिपा काडकन तुटतात.

पॅड निघालं आणि कारण समोरच दिसलं. दाराच्या पत्र्यावर चिकटवलेलं पॉलिथिन अर्ध्यापर्यंत फाटलेलं होतं. पूर्वी कधीतरी काचेच्या यंत्रणेचं काम झालं होतं, तेव्हा कोणीतरी ते ओढून काढलं आणि तसंच लोंबतं ठेवून वरून पॅड लावून टाकलं. याचा मला मनापासून राग आला. अनेकांना ते पॉलिथिन म्हणजे कारखान्यातून राहून गेलेलं वेष्टण वाटतं, पण दारातला सगळ्यात कामाचा पडदा तोच. दाराच्या आत पाणी जाणं हा काही बिघाड नाही. पावसाचं पाणी काचेवरून ओघळत बाहेरच्या रबरपट्टीतून आत उतरतं आणि दाराच्या तळाच्या भोकांतून बाहेर पडतं, रचनाच तशी आहे. पॉलिथिन ते पाणी पॅडकडे येऊ देत नाही. त्याची खालची कड पत्र्याच्या फटीतून दाराच्या आत खोचलेली असावी लागते, म्हणजे आतून ओघळणारे थेंब परत दारातच पडतात. आमच्या दाराची तळाची भोकंही चिखलाने बुजलेली होती. लाकडी काडीने ती मोकळी केली. लोखंडी सळईने रंग खरवडला जातो आणि तिथूनच गंज धरतो.

आता नवा बोर्ड. फुगलेल्या पॅडवरून माप घेणं धोक्याचं, कारण त्याची कड मुळात होती तिथे राहिलेलीच नसते. म्हणून डाव्या दाराचं चांगलं पॅड काढलं, उलटं ठेवलं आणि त्यावरून आखलं. दोन्ही दारं एकमेकांची आरशातली प्रतिमा असतात. भोकांच्या जागा मात्र पत्र्यावरच्या भोकांशी ताडून पाहिल्या. सियागंजातून तीन मिलिमीटरचा हार्डबोर्ड आणला. जाडी तेवढीच हवी, नाहीतर क्लिपा पुरत नाहीत. कापून दिला शेजारच्या सुतारकाकांनी, जिगसॉने. त्यानंतर दोन्ही बाजूंना वॉर्निश, आणि कडांना व भोकांच्या आतून जास्तीचे हात. कडाच सगळ्यात जास्त पाणी पितात. एकाच बाजूला वॉर्निश लावलं तर बोर्ड वाकतो, म्हणून मागची बाजू दिसत नसली तरी ती सोडायची नाही.

रेक्झिन नवं घ्यायचं की जुनंच वापरायचं, यावर घरात बरीच चर्चा झाली. नवं दिसायला छान, पण उरलेल्या तीन दारांचं रेक्झिन इतक्या वर्षांच्या उन्हाने उतरलेलं. त्यांच्या शेजारी नवा तुकडा ठिगळासारखा दिसला असता. मी जुनंच ठेवलं. फुगलेल्या बोर्डावरून ते हळूहळू सोडवलं, मागचा फोमचा चुरा झाडला आणि हेअर ड्रायरने थोडं थोडं गरम करत नरम केलं. जुनं रेक्झिन आखडलेलं असतं, गरम केल्याशिवाय ते कडेपर्यंत पोचत नाही. चिकटवायला फेविकॉल एसआर ९९८ घेतलं. हा रबरी गोंद दोन्ही पृष्ठभागांना लावायचा, बोटाला चिकटेनासा होईपर्यंत थांबायचं आणि मगच दाबायचं. एकदा टेकलं की सरकवता येत नाही, म्हणून मधल्या रेषेपासून सुरुवात करून बाहेर जायचं. गोलाईवर मागे वळवताना रेक्झिनला छोट्या त्रिकोणी खाचा दिल्या की चुण्या पडत नाहीत. वास उग्र असतो, अंगणात किंवा गच्चीवरच बसावं.

पॉलिथिन जाडसर घेतलं, जुन्या तुकड्यावरून कापलं आणि ब्युटाइल टेपने, म्हणजे मऊ, चिकट रबरी पट्टीने, चिकटवलं. ही टेप कडक होत नाही, पुढे काम निघालं तर पॉलिथिन न फाटता सोडवता येतं. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन इथे लावू नये, ते वाळताना सोडणारं आम्ल पत्र्याला गंजवतं.

पॅड लावण्याआधी बाबांनी बाहेरून काचेवर नळी धरली आणि मी आत बसून पाहत राहिले. पाणी तळाच्या भोकांतून धार धरून पडत होतं आणि पॉलिथिनची माझ्याकडची बाजू कोरडी होती. मला सगळ्यात समाधान याचं झालं, पॅड छान दिसण्यापेक्षाही.

पुढचं पटकन झालं. क्लिपा सगळ्या नव्या. काचेच्या हँडलमध्ये तारेचं लॉक आधीच बसवायचं आणि हँडल तळहाताने दाबायचं, टक् असा आवाज आला की झालं. काच पूर्ण बंद ठेवून, समोरच्या दाराचं हँडल ज्या कोनात आहे त्याच कोनात हे बसवावं, म्हणजे चालकाच्या गुडघ्याला लागत नाही.

मागच्या डाव्या दाराचं पॉलिथिनही खालून सुटलेलं निघालं. तिथला बोर्ड अजून शाबूत आहे, त्यामुळे टेप आणि तळाची भोकं एवढंच काम आहे, आणि ते मृगाच्या आधी उरकायचं आहे.