दुभाष्याचा 'मी'

पंप पुन्हा प्रेशर धरेना. टेस्ट बेंचवरचा काटा ठरलेल्या आकड्याच्या बराच खाली येऊन थांबला, तशी आमच्या साहेबांनी फाइल मिटली. "सांग त्यांना, मी तपासणीच्या प्रोटोकॉलवर सही करणार नाही. आम्हाला काय दुधखुळे समजतात का?"

सेंट पीटर्सबर्गबाहेरच्या एका कारखान्यात पुण्याची टीम माल तपासायला आली होती आणि मी त्यांचा दुभाषी. आमच्या धंद्यात 'साहेब म्हणतात की' असं म्हणत नाहीत. साहेबांचा 'मी' तोच माझा 'मी'. त्यामुळे सही नाकारली ती रशियनमध्ये मीच, आणि त्यांचे मुख्य इंजिनिअर उसळले तेही माझ्यावर. त्यांचं म्हणणं, पंप ठणठणीत आहे, जोडणी तुमच्या माणसाने केलीय, ती तपासा. हे सगळं त्यांच्या दुभाषी बाईंनी थंड, इस्त्री केलेल्या इंग्रजीत आम्हाला ऐकवलं.

साहेब माझ्याकडे झुकून मराठीत पुटपुटले, "जोडणी आपलीच ढिली असेल रे. पण असू दे, दर खाली आणता येईल." हे कुणाला सांगायचं नव्हतं. मी गप्प बसलो.

जेवणाच्या सुट्टीत बाई ताट घेऊन माझ्यासमोर येऊन बसल्या. साठीच्या असतील. म्हणाल्या, "तुम्हाला काहीतरी माहीत आहे आणि बोलता येत नाहीये. चेहरा सांभाळा. अर्कादी नातानोविच तर विसाव्या वर्षी अशा खुर्चीत बसला होता."

कोण अर्कादी नातानोविच? स्त्रुगात्स्की! मला ते नाव तारकोव्स्कीच्या 'स्टॉकर' या सिनेमामुळे ठाऊक होतं. विज्ञानकथा लिहिणारी दोन भावांची जोडी, एवढंच. थोरला बारा वर्षं लष्करात होता आणि जपानीचा दुभाषी होता, हे मी पहिल्यांदाच ऐकत होतो.

बाई सांगत गेल्या, माझा कटलेट निवत गेला. अर्कादीचा जन्म 1925 चा, बातुमीचा. वाढला लेनिनग्राडला. महायुद्धात जर्मनांनी शहराला घातलेल्या वेढ्याच्या पहिल्या हिवाळ्यात, जानेवारी 1942 मध्ये, तो वडिलांबरोबर लाडोगा सरोवराच्या गोठलेल्या बर्फावरून बाहेर पडला. धाकटा बोरिस इतका अशक्त होता की आई त्याच्यापाशीच मागे राहिली. वडील वोलोग्दा शहरापर्यंत पोचले आणि तिथेच वारले. अर्कादी एकटा उरला. 1943 मध्ये लष्करात भरती झाली. आधी तोफखान्याचं प्रशिक्षण, मग मॉस्कोच्या लष्करी परकीय भाषा संस्थेत निवड, भाषा जपानी. शिकत असतानाच, 1946 मध्ये, त्याला कझानला जपानी युद्धकैद्यांच्या चौकशीसाठी पाठवलं. संस्थेतून बाहेर पडला 1949 मध्ये. पुढे सैबेरियातल्या कान्स्कला लष्करी दुभाष्यांना जपानी शिकवलं, मग कामचात्का. नोव्हेंबर 1952 मध्ये कुरिल बेटांवरचं सेवेरो-कुरिल्स्क गाव त्सुनामीत वाहून गेलं, तेव्हा मदतीला गेलेल्यांत तोही होता.

मला सगळ्यात खिळवून ठेवलं ते पुढच्या गोष्टीने. 1 मार्च 1954 ला अमेरिकेने पॅसिफिकमधल्या बिकिनी बेटांवर हायड्रोजन बॉम्ब फोडला आणि 23 जपानी मच्छीमारांच्या होडीवर किरणोत्सर्गी राख पडली. त्यावर अर्कादीने लेव पेत्रोव या सहकाऱ्याबरोबर 'बिकिनीची राख' लिहिली. छापून आलेलं हे त्याचं पहिलं पुस्तक, आणि ते जपानी कोळ्यांबद्दल! ज्या देशाच्या कैद्यांच्या चौकशीला बसला, त्याच देशाच्या माणसांसाठी लिहिता झाला. 1955 मध्ये लष्कर सुटलं तरी जपानी सुटली नाही. बेरेझ्कोव या टोपणनावाने त्याने जपानी लेखक कोबो आबेचं भाषांतर केलं.

मी या भावांची 'देव होणं कठीण' ही कादंबरी वाचलेली होती, 1964 ची. पृथ्वीवरचा माणूस एका मध्ययुगीन ग्रहावर रुमाता नावाने सरदाराच्या वेषात राहतो, त्यांची भाषा बोलतो, कत्तली बघतो आणि हस्तक्षेप करायची त्याला मनाई असते. ताटावरच मला ते एकदम उलगडल्यासारखं झालं. मी बाईंना म्हणालो, हा रुमाता म्हणजे दुभाषीच की! दोन्हीकडचं कळतं, तोंडातून मात्र दुसऱ्याचंच बोलणं निघायला हवं. हे कझानच्या त्या खोलीतूनच आलं असणार.

बाईंनी मान हलवली. "उगाच काहीही जोडू नका. पुस्तक दोघांनी वाक्यावाक्याला भांडत लिहिलंय. बोरिस पुलकोवोच्या वेधशाळेत होता, त्याने कुठे कुणाची चौकशी केली? आणि रुमाता शेवटी तलवार काढतोच. दुभाष्याने असं केलं तर दुसऱ्या दिवशी नोकरी नाही."

मुद्दा बिनतोड होता, तरी मला माझंच पटतं. तलवार काढता आली नाही म्हणूनच माणूस ती कागदावर काढतो. बाईंना मी हे म्हटलं, तर त्यांनी चहाचा कप उचलला आणि वेळ झाल्याचं खुणावलं.

दुपारच्या सत्रात मुख्य इंजिनिअर अगदी सौम्य आवाजात म्हणाले, भांडत बसण्यापेक्षा जोडणी दोन्ही बाजूंच्या फिटरनी मिळून उघडावी. ही कल्पना त्यांची की बाईंची, मी विचारलं नाही. बाई समोर बघत होत्या, चेहऱ्यावर काही नाही. साहेबांना नाही म्हणता येईना. जोडणीचा फ्लँज उघडला तर आमचंच गॅस्केट, म्हणजे गळती रोखणारी मधली चकती, एका बाजूला सरकलेलं. बदलून पंप परत लावला, प्रेशर टिकलं, प्रोटोकॉलवर सही झाली. दर तोच राहिला, आणि हॉटेलवर पोचेपर्यंत साहेब माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत.