आमची वाटचाल : मिक्सरच्या आधी वही

नमस्कार मंडळी. आमची फर्म छोटी आहे. मी, धाकटा भाऊ, पहिल्या दिवसापासून सोबत असलेला मुकादम, काँक्रीट कालवायचा एक वन बॅग मिक्सर (एका वेळी एक पोतं सिमेंट) जो सुरू करायला रोज वेगळी शिवी लागते, आणि सीझनला पंधरा-वीस माणसं. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वाड्यांचे, आळ्यांचे आतले रस्ते हे आमचं काम. लोक भेटले की मुंबई-गोवा हायवे कधी होणार ओ असं मलाच विचारतात, जसा काय तो माझ्याच खिशात आहे. आम्ही आपले तीन मीटर रुंदीवाले, दोन्ही बाजूला जांभ्याचे गडगे (दगडी कुंपणं) आणि मधे रस्ता.

सिव्हिलचा डिप्लोमा केला आणि २०१२ मध्ये सुशिक्षित बेरोजगार अभियंता म्हणून सरकारी कामांसाठी नोंदणी केली, वडिलांची चिऱ्याची गाडी होती त्यामुळे माल कुठून आणायचा माणसं कुठून आणायची हे माहीत होतं, बाकी काहीच माहीत नव्हतं. पहिलं काम एका वाडीचा अंतर्गत रस्ता, काँक्रीटचा. कार्यारंभ आदेश जानेवारीत हातात आला आणि मार्चअखेर बिल टाकायचं म्हणून आम्ही सुटलो. पूर्ण रुंदीत काँक्रीट ओतत वाडीच्या तोंडापासून आत जायचं, दिवसाला जमेल तेवढं. ग्रामपंचायतीच्या फळ्यावर नोटीस लावली होती, म्हणजे आमच्या मते सगळ्यांना कळवलं होतं.

तिसऱ्या रात्री वाडीतल्या शेवटच्या घरातल्या काकांच्या छातीत दुखायला लागलं. रिक्षा आली ती तोंडाशीच थांबली, कारण समोर दुपारचं ओलं काँक्रीट. मला फोन आला, मी पोचलो तर चौघांनी काकांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून गडग्यावरून पलीकडे घेतलेलं, कलमांच्या बागेतून मोबाईलच्या उजेडात चालले होते, खाली पाचोळा, कुठे खड्डा कळत नाही. मी खुर्चीचा एक पाय धरला. काका वाचले, चार दिवसांनी घरी आले. त्यांचा मुलगा मला एक शब्द वाईट बोलला नाही, एवढंच म्हणाला, "एक फोन केला असतास तर गाडी बाहेर लावून ठेवली असती."

त्यानंतर वही आली. साधी शंभर पानी, शाळेची. काम मिळालं की पहिला आठवडा मी नाहीतर भाऊ घरोघरी जाऊन बसतो, चहा होतो (सहा घरं म्हणजे सहा चहा, ॲसिडिटी हा आमच्या धंद्यातला खर्च आहे) आणि लिहून घेतो. कोण आजारी, कुणाची गाडी किती वाजता निघते, नळाला पाणी कधी येतं, पाईप रस्त्याच्या कुठल्या बाजूने गेलाय, संडासाची टाकी उपसायला टँकर कधी येणार, घरात लग्न आहे का. एका वहीतली नोंद सांगतो, "घर ४, डायलिसिस, सोमवार-गुरुवार, सकाळी ६ ला गाडी दारात लागते." मग घर ४ च्या समोरचा तुकडा शुक्रवारी करायचा, आणि सोमवारपर्यंत त्यावरून गाडी जाणारच नाही म्हणून गाडी कुठे लावायची आणि तिथपर्यंत आजींना कुणी न्यायचं हे आधी ठरवायचं. न्यायला बऱ्याचदा मुकादमच जातो.

लोक म्हणतात अर्धा रस्ता करा, अर्धा चालू ठेवा. ऐकायला बरं वाटतं. हिशोब बघा, तीन मीटरचा अर्धा दीड मीटर, त्यात काँक्रीट अडवायच्या साईडच्या प्लेटा आणि खुंट्या दहा-पंधरा सेंटीमीटर खातात, आणि रिक्षाच एक मीटर तीसची. ड्रायव्हर कितीही हुशार असला तरी एक चाक ओल्या काँक्रीटमध्ये जाणारच. म्हणून अर्धी रुंदी आम्ही फक्त मोठ्या रस्त्यावर करतो, तिथे मधल्या जॉईंटला टाय बार (दोन अर्धे जोडणाऱ्या सळ्या) टाकावे लागतात, प्लेटा दुप्पट, दिवस दुप्पट, आणि एस्टिमेटमध्ये यातलं काहीच नसतं.

छोट्या बोळात वीस-वीस मीटरचे तुकडे करतो आणि तेवढ्या घरांना मागीलदारातून वाट काढून देतो. शेजाऱ्याने बेडं (परसाचं फाटक) उघडायचं, याने त्याच्या परसातून जायचं. बोलायला सोपं. एका ठिकाणी दोन सख्खे भाऊ, हद्दीवरून कोर्टात केस, थोरला म्हणाला माझ्या माडाखालून त्याचा पाय पडला तर मी रस्ताच होऊ देणार नाही. दोन संध्याकाळी बसलो, काही उपयोग नाही. शेवटी थोरल्याची बायको म्हणाली, पोरं जाऊ देत, तो नको. मग आठ दिवस धाकट्याची पोरं आणि बायको बागेतून, आणि धाकटे भाऊ गडग्यावरून उडी मारून, वय ५८. हे कुठल्या एस्टिमेटमध्ये बसवायचं सांगा.

आवाजाचं पण तसंच आहे. काँक्रीटला जॉईंट कापावे लागतात, नाहीतर ते स्वतःच्या मनाने तडकतं, आणि कापायची वेळ साधारण आठ-बारा तासांनी येते, उन्हाळ्यात लवकरच. म्हणजे दुपारी ओतलं की कटर रात्री बारा वाजता किंचाळणार. मार्चमध्ये दहावीची परीक्षा, एका आईने मला त्यावरून असं झापलं की मी पुढचा महिना त्या वाडीतून मान खाली घालून गेलो. आता पहाटे साडेपाचला सुरू करून दहापर्यंत ओतणं संपवतो, कटर संध्याकाळी सातच्या आत. माणसांनाही उन्हाचं बरं पडतं.

दुसरी चूक लेव्हलची, ही पण आमचीच. जुन्या रस्त्यावर नवा थर, त्यावर अजून थर, असं करत रस्ता वर येतो आणि घरं खाली राहतात, आणि आपल्याकडे पाऊस म्हणजे चेष्टा नाही, रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पडतो. एका कामात आम्ही उतार रस्त्याचा बघितला, अंगणाचा नाही बघितला. जूनमध्ये पहिल्याच पावसाला पाणी सरळ एका आजींच्या पडवीत. मी गेलो तर आजी खराट्याने पाणी बाहेर काढत होत्या. "मेल्या, रस्ता तुझा झाला, माझं पाणी कुठे जायचं?" पदरचे पैसे घालून गटार काढलं, दारापुढे जाळी टाकली. तेव्हापासून आधी जुना रस्ता खणून काढतो, पाणी भरलेली लेव्हलची नळी घेऊन प्रत्येक उंबऱ्याची लेव्हल वहीत घेतो. आणि खडक फोडायचा ब्रेकर लावायच्या आधी जुन्या भिंतींचे फोटो मोबाईलवर, घरमालकाला शेजारी उभं करून. जांभा फोडताना हादरे बसतात, मातीत बांधलेल्या चिऱ्याच्या भिंतीला आधीची चीर कुठली आणि आमची कुठली यावरून नंतर भांडण नको.

वेळेचं गणित बाहेरच्या माणसाला कळत नाही. पाऊस गेला की काम सुरू करा म्हणतात. ऑक्टोबरमध्ये भातकापणी, माणसंच मिळत नाहीत. मग दिवाळी. फाल्गुनात शिमगा, पालखी घरोघरी जाते आणि तिचा रस्ता ठरलेला असतो, तो बदलत नाही, म्हणून मानकऱ्यांना विचारून ते दिवस आधीच वहीत लाल पेनाने. एप्रिलपासून आंब्याच्या पेट्या, पिकअप बागेपर्यंत गेलीच पाहिजे, एक दिवस आंबा अडकला तर बागायतदाराचं नुकसान कोण देणार. मे महिन्यात चाकरमानी आणि लग्नं. उरतं काय, डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारी. आणि आदेश येतात फेब्रुवारीत.

एक गंमत सांगतो. काँक्रीट पक्कं होईपर्यंत त्यावर पाणी धरून ठेवायला गोणपाट कमी पडली म्हणून मुकादमाने भाताचा पेंढा पसरला, छान भिजवला. सकाळी बघतो तर चार गुरं आरामात नाश्ता करतायत. त्या रस्त्यावर अजून खुरांचे ठसे आहेत, साहेबांनी पाहणीत विचारलं हे काय, मी म्हटलं घसरू नये म्हणून. साहेब हसले पण एमबीवर (मोजमाप पुस्तकावर) त्यांची सही दुरुस्ती केल्यावरच झाली, आणि दुरुस्ती केली तरी ठसे दिसतातच. चढावर खरंच घसरू नये म्हणून आम्ही ओल्या काँक्रीटवर माडाच्या हिरांच्या खराट्याने आडव्या रेघा मारतो, पावसात शेवाळ धरलं की त्याच रेघा कामाला येतात.

पैशाचं खरं सांगायचं तर या सगळ्यात मार्जिन कमी होतं. वीस मीटरचे तुकडे म्हणजे माणसं निम्मा दिवस बसून. दोन सीझन फक्त मिक्सरचा हप्ता निघाला, भाऊ वैतागून म्हणाला आपण रस्ते करतोय की समाजसेवा. पण पाणी धरायला एप्रिलमध्ये पाणी लागतं, आणि कातळावरच्या विहिरी तेव्हा तळाला गेलेल्या असतात, टँकर परवडत नाही. ज्या वाडीत आम्ही नीट वागलो तिथे लोक स्वतःच्या विहिरीचा पंप लावून देतात, संध्याकाळी पोरं पाईप धरून पाणी मारतात. जिथे भांडण झालं तिथे पाण्याचा थेंब मिळाला नाही, काँक्रीट वाळलं, वरचा थर भुकटीसारखा निघाला आणि दोषदायित्वाच्या मुदतीत (काम बिघडलं तर आम्हीच दुरुस्त करायचं ती मुदत) परत करून द्यावा लागला. भावाने तो हिशोब स्वतः केला, नंतर समाजसेवेचा विषय काढला नाही.

नळाच्या पाईपलाईनचं दुखणं वेगळंच, २०१९ ला जलजीवन मिशन आलं आणि नवे कोरे रस्ते खणले गेले. आता आदेश आला की पहिला प्रश्न, पाईप टाकून झालाय का? नसेल तर लोकांनाच सांगतो की थांबूया नाहीतर पेव्हर ब्लॉक करूया, ८० एमएमचे, उद्या खणलं तर काढून परत बसवता येतात. काहींना पेव्हर आवडत नाही, गवत उगवतं म्हणतात. उगवतं, खरं आहे.

यंदाचं काम खाडीजवळच्या एका आळीत आहे, अकरा घरं. वही सुरू केलीय. घर २ ला बारसं, तारीख ठरायचीय. घर ५ चे काका रोज पहाटे चारला मासे आणायला बंदरावर जातात, स्कूटर बाहेर ठेवायला तयार आहेत. घर ७ ला कुत्रा, बांधलेला नसतो, त्यामुळे घर ७ ची माहिती अजून गेटबाहेरूनच घेतलीय.