फोज्जाचा गहू: ताटातला आणि वाटीतला

इटालियन जेवण म्हटलं की आपल्याकडे बहुतेकांच्या डोळ्यांसमोर चीज येतं. पांढरा सॉस, लाल सॉस, वरून चिलीफ्लेक्स आणि ऑरेगॅनोच्या पुड्या. मी राहते त्या दक्षिण इटलीतल्या घरांत असं ताट जवळजवळ दिसतच नाही. इथला रोजचा स्वयंपाक धान्य, कडधान्य, पालेभाजी आणि ऑलिव्ह तेल एवढ्यावर चालतो, आणि त्यातही सगळ्यांत मोठा मान गव्हाचा. हाच गहू महाराष्ट्रातही पिकतो. त्यामुळे इथलं बरंचसं रांधणं तुमच्या स्वयंपाकघरात, परदेशी पाकिटं न आणता, नीट जमू शकतं.

फोज्जा हे पुलिया प्रांताच्या उत्तरेकडचं शहर. पर्यटक बारीला जातात, लेच्चेला जातात, इकडे फारसे फिरकत नाहीत. शहराभोवती ताव्होलिएरे नावाचं अफाट सपाट मैदान आहे, आणि ते इटलीतल्या डुरम गव्हाचं कोठार मानलं जातं. कापणीच्या तोंडावर, जूनमध्ये, शहराबाहेर पडलं की दोन्ही बाजूंना पिकून उभा राहिलेला गहूच गहू.

डुरम म्हणजे आपला बन्सी. दाणा कडक, आतून पिवळसर, दळला की पिठापेक्षा रवा जास्त पडतो. त्याच्या कणकेला ताण असतो, पण ती रबरासारखी मागे ओढली जात नाही, म्हणून तिला दिलेला आकार टिकतो. पास्त्यासाठी हेच लागतं. इटलीत १९६७ सालापासून कायदाच आहे: देशात विकण्यासाठी बनवलेला साधा सुका पास्ता डुरमच्याच रव्याचा असला पाहिजे.

या मैदानाची एक गोष्ट मला फार जवळची वाटते. नाझारेनो स्त्राम्पेल्ली या कृषिशास्त्रज्ञाने ‘सेनातोरे काप्पेल्ली’ नावाचं डुरमचं वाण निवडीतून तयार केलं आणि १९२३ मध्ये ते शेतकऱ्यांच्या हाती आलं. उंच वाढणारा, चवीला सरस असा हा गहू कित्येक दशकं दक्षिणेत पिकला. पुढे बुटकी, जास्त उतारा देणारी वाणं आली आणि तो मागे पडला. आता लोक त्याच्याकडे परत वळलेत आणि तो चढ्या भावाने विकला जातो. आपल्या खपलीचं हेच झालं. खपलीही इथे मिळते, फार्रो या नावाने.

या मुबलक गव्हाच्या मुलखात गरिबी मात्र भयंकर होती. जमिनी मोजक्या जमीनदारांच्या, आणि बाकीचे रोजंदारीवर राबणारे. शेजारच्या चेरिन्योला गावात १८९२ मध्ये जन्मलेला जुझेप्पे दि व्हित्तोरियो अशाच मजुराचा मुलगा. तो पुढे इटलीच्या कामगार चळवळीचा मोठा नेता झाला. कापणीनंतर शेतातलं धसकट जाळत, आणि त्या राखेत राहिलेले करपलेले दाणे वेचून मजुरांच्या बायका दळत, असं इथे सांगतात. त्या काळसर पिठाला म्हणतात ग्रानो आर्सो. आज धान्य मुद्दाम भाजून तेच पीठ बनवतात आणि महागड्या हॉटेलांत त्याचा पास्ता वाढतात. तो चवीला खरोखर सुंदर लागतो, धुरकट आणि खमंग. तरी तो खाताना मला त्या वेचणाऱ्या बायका आठवतात, आणि त्या आठवायलाच हव्यात असं मला वाटतं.

आता ओरेक्किएत्ते. पुलियातल्या घराघरांतला हा पास्ता अंड्याशिवायचा: रवा, पाणी, चिमूटभर मीठ. चार माणसांना ४०० ग्रॅम बारीक बन्सी रवा आणि साधारण २०० मिली कोमट पाणी. तुमच्याकडे मिळणारा रवा जाडसर असतो, तो मिक्सरमधून फिरवून चाळून घ्या. इथेही दोनदा दळलेलाच वापरतात. दहा मिनिटं अंग लावून मळा. सुरुवातीला कणीक कोरडी, भेगाळलेली वाटेल. पाणी वाढवायचा मोह आवरा, मळता मळता ती गुळगुळीत होते. मग अर्धा तास झाकून ठेवा. बोटाएवढ्या जाडीच्या वळ्या करून त्यांचे सेंटीमीटरभर तुकडे कापा. बोथट टोकाची सुरी तुकड्यावर दाबून स्वतःकडे ओढा, तो पातळ होऊन गुंडाळला जातो. लगेच अंगठ्यावर उलटा करा. आत खोलगट, बाहेरून खरबरीत. त्या खरबरीतपणामुळेच भाजीचा रस त्याला धरून राहतो. लाकडी पाटावर केले तर खरबरीतपणा येतो, गुळगुळीत ग्रॅनाइटच्या ओट्यावर येत नाही. पोळपाट चालेल. झाले की सुती कापडावर पसरून ठेवा.

त्याच्यासोबत हिवाळ्यात इथे चीमे दि रापा ही पालेभाजी असते. शलगमाच्या कुळातली, कडसर, मध्ये कोवळे तुरे. आपल्याकडे मोहरीचा कोवळा पाला तुऱ्यांसकट मिळाला तर उत्तम. खारट उकळत्या पाण्यात आधी पाला, काही मिनिटांनी त्याच पाण्यात ओरेक्किएत्ते. ताजे असतात, त्यामुळे चटकन शिजतात. एखादा चावून बघा, मध्ये कोरडा लागायला नको. दुसरीकडे तेलात ठेचलेला लसूण आणि सुकी मिरची परता. इथे त्यात खारवलेले अँचोव्ही मासे विरघळवतात, शाकाहारी लोकांनी ते गाळावेत. सगळं एकत्र करून वर तेलात लालसर परतलेला पावाचा चुरा. चीज परवडत नसे त्या घरांत हा चुराच वरून घालत, आणि मला तो चीजपेक्षा जास्त आवडतो. आमच्या शेजारच्या आजी तर दरवेळी बजावतात, ‘चीज नको घालूस गं, पाल्याची चव मारली जाते.’ चीजबद्दल आणखी एक. पार्मिजानो आणि पेकोरिनो ही दोन्ही चीज परंपरेने जनावराच्या रेनेटवर, म्हणजे वासरा-कोकराच्या जठरातून काढलेल्या विरजणावर, जमवतात, हे शाकाहारी घरांनी लक्षात ठेवावं.

शिळ्या पावाचं पानकोत्तो हे फोज्जाचं खास. बटाटे आणि मिळेल तो रानपाला उकळायचा, त्यात शिळ्या पावाचे जाड तुकडे घालायचे, वरून लसूण-मिरची परतलेलं तेल. बाकल्याच्या सोललेल्या डाळीचं घट्ट वरण आणि सोबत चिकोरीचा उकडलेला कडू पाला, हेही सगळ्या पुलियात आवडीने खातात. मात्र ज्यांच्या रक्तात जी-सिक्स-पीडी या एन्झाइमची कमतरता आहे त्यांनी बाकला अजिबात खायचा नाही, त्यांच्या रक्तपेशी फुटू शकतात.

गोडाकडे येते, कारण मला खरं सांगायचं होतं ते याबद्दल. दक्षिण इटलीचं गोड म्हटलं की लोक कान्नोलीचं नाव घेतात. माझ्या मते इथली सगळ्यांत थोर गोडं अख्ख्या शिजवलेल्या गव्हाची आहेत.

फोज्जाकडे २ नोव्हेंबरला, म्हणजे मृतांच्या स्मरणाच्या दिवशी, ग्रानो देई मोर्ती करतात. आदल्या रात्री घरातली गेलेली माणसं परत येतात अशी जुनी समजूत. त्यांच्यासाठी टेबलावर पाव-पाणी ठेवायचा रिवाज होता, आणि लहान मुलं मोजे टांगून ठेवतात, त्यात गेलेल्या आजी-आजोबांकडून खाऊ येतो. आपल्या सर्वपित्रीच्या ताटासारखंच हे, फक्त इथे दुःखापेक्षा मुलांची उत्सुकता मोठी. अशी गव्हाची गोड उसळ ऑर्थोडॉक्स चर्चच्या श्रद्धांजलीतही असते, तिला कोलिव्हा म्हणतात. पुलियावर शतकानुशतकं बायझँटाइन, म्हणजे याच ऑर्थोडॉक्स पंथाच्या ग्रीक साम्राज्याची, सत्ता होती, १०७१ मध्ये बारी नॉर्मनांनी घेतलं तेव्हा ती संपली. शेजारच्या काही गावांत या पदार्थाला अजून कोल्वा म्हणतात.

यात अंडं नाही, दूध नाही, भट्टी लागत नाही. पाव किलो खिरीचे, सडून कोंडा काढलेले गहू घ्या. कोल्हापूर-सांगलीकडे महाप्रसादाच्या खिरीला वापरतात तेच. रात्रभर भिजवून कुकरला शिजवा. दाणा फुटायला हवा, लगदा व्हायला नको. निथळून, कापडावर पसरून पूर्ण गार करा. ओलसर राहिले तर सगळा पदार्थ पचपचीत होतो. मग एका मोठ्या डाळिंबाचे दाणे, १०० ग्रॅम अक्रोडाचे तुकडे, १०० ग्रॅम कडसर चॉकलेट बारीक चिरून, दालचिनीची चिमूट. आणि विनकोत्तो.

विनकोत्तो म्हणजे द्राक्षांचा किंवा अंजिरांचा रस आटवून केलेला काळसर पाक. अंजिराचा घरी सहज होतो. अर्धा किलो सुकी अंजिरं चिरून अडीच लिटर पाण्यात मंद आचेवर दोनेक तास उकळायची, कापडातून घट्ट पिळून रस काढायचा आणि तो मधासारखा दाट होईपर्यंत आटवायचा. शेवटी तो भराभर दाट होतो, तेव्हा गॅसजवळून हलू नका. साखर बिलकूल नाही. याची चव गोड असूनही किंचित आंबट, किंचित कडू असते, आणि गव्हाच्या मवाळ दाण्याला तीच हवी असते. काकवी घालून बघायचा विचार तुमच्या मनात येईल. काकवी छान असते, पण तिच्यात तो आंबटपणा नाही. सगळं खाण्याच्या अर्धा तास आधी कालवा. डाळिंबाचा दाणा दाताखाली फुटला पाहिजे.

सिसिलीत हाच गहू १३ डिसेंबरला येतो, संत लुचियाच्या दिवशी. १६४६ च्या दुष्काळात धान्याचं जहाज बंदराला लागलं आणि भुकेल्या लोकांनी दळण्यासाठी न थांबता गहू तसाच शिजवून खाल्ला, अशी कथा आहे. म्हणून पालेर्मोचे लोक त्या दिवशी पाव आणि पास्ता खात नाहीत. गव्हात मेंढीच्या दुधाचा रिकोत्ता, म्हणजे पनीरसारखं मऊ ताजं चीज, आणि साखर कालवून कुच्चिआ करतात. तुमच्याकडे ताजं, ओलसर पनीर थोड्या सायीसोबत मिक्सरमधून मऊ करून घेतलं तर काम भागतं. चक्का घालू नका, त्याचा आंबटपणा वेगळ्या जातीचा.

आणि नेपल्सची पास्तिएरा, ईस्टरला करतात तो गहू-रिकोत्त्याचा टार्ट. इथे अंडी हवीतच. बिनअंड्याची करण्यापेक्षा ग्रानो देई मोर्ती करा, असं मी मनापासून सांगेन. ३०० ग्रॅम शिजवलेला गहू थोडं दूध, लोणी आणि लिंबाची साल घालून खिरीसारखा घट्ट करायचा. त्यात ३०० ग्रॅम रिकोत्ता, २५० ग्रॅम साखर, तीन अंडी, पाकवलेली संत्र्याची साल आणि संत्र्याच्या फुलांचं अर्कपाणी. ते मिळालं नाही तर संत्र्याची साल किसून घाला. सुगंध कमी येईल, पण चालेल. मैदा-लोण्याच्या खुसखुशीत पारीत हे भरून, वर पट्ट्यांची जाळी घालून, १६० ते १७० अंशांवर तासभर किंवा थोडं जास्त भाजायचं.

नेपल्समध्ये ती गुरुवारी किंवा गुड फ्रायडेला भाजतात आणि रविवारी कापतात, कारण गहू, रिकोत्ता आणि फुलांचा वास एकमेकांत मुरायला दोन-तीन दिवस लागतात. तिथे त्या दिवसांत हवा गार असते, त्यामुळे ती टेबलावर झाकून ठेवली तरी भागतं. पुण्या-नागपुरात मार्च-एप्रिलमध्ये मात्र ती फ्रिजमध्येच मुरू द्या आणि कापण्याआधी तासभर बाहेर काढून ठेवा.