तुम्ही विचारलंत म्हणून: फुकटच्या कामाचा रिपोर्ट कशाला?

वर्डप्रेस या वेबसाइट बनवायच्या फुकट सॉफ्टवेअरच्या एका व्हॉलंटियर टीममध्ये मी काम करते हे कळलं की हमखास विचारतात, पगार नाही, डोक्यावर साहेब नाही, मग दर आठवड्याला काय झालं नि काय राहिलं हे लिहून देता कुणाला?

अहो साहेब नाही म्हणूनच तर लिहावं लागतं. ऑफिसात माणूस दोन दिवस दिसला नाही तर फोन जातो, इथं एखादा गायब झाला की झाला, नवी नोकरी लागली असेल, घरात आजारपण असेल, नाहीतर नुसता कंटाळा आला असेल, आणि जाब विचारायचा हक्क कुणालाच नाही. मग त्यानं काम कुठवर आणून सोडलंय हे कुठंतरी लिहिलेलं नको का? आमच्या मीटिंगासुद्धा स्लॅक या चॅट अ‍ॅपवर टाइप करूनच होतात, कारण एकाची सकाळ ती दुसऱ्याची मध्यरात्र, झोपलेल्याला उठल्यावर सगळं वाचता आलं पाहिजे.

आणि टीमा एकमेकींत अडकलेल्या असतात. कोअर (मूळ कोड लिहिणारी), डॉक्युमेंटेशन, अ‍ॅक्सेसिबिलिटी (अपंगांनाही वापरता यावं हे बघणारी), भाषांतर, सगळ्या वेगळ्या. रिलीज कँडिडेट, म्हणजे नव्या आवृत्तीचं जवळजवळ अंतिम रूप, आला की स्क्रीनवरची वाक्यं शक्यतो बदलायची नाहीत असा नियम आहे, कारण कोअरवाल्यांनी सेटिंग्जमधलं एक वाक्य जरी ऐनवेळी फिरवलं तर त्याचं आधीचं भाषांतर लागू होत नाही, भाषांतरवाले नव्यानं करेपर्यंत तिथं इंग्रजीच दिसतं. आता बदलणं भागच असेल तर निदान आठवड्याच्या रिपोर्टमध्ये, म्हणजे अपडेटमध्ये, सांगा ना बाबा.

खरं सांगायचं तर बरेचसे अपडेट मी नुसते चाळते. 'चर्चा सुरू आहे', 'काम प्रगतिपथावर आहे', यातून कुणाला काय कळणार? मला कामाची वाटते ती न झालेल्या गोष्टींची यादी. समजा एक तिकीट, म्हणजे बिघाडाची नोंद, आहे, मोबाइलवर मेनू उघडला की कीबोर्डचा फोकस (कळ दाबली की कुठलं बटण चालेल ते) भलतीकडेच जातो, पॅच, म्हणजे कोडमधला दुरुस्तीचा बदल, आहे पण जुना, मधल्या काळात आजूबाजूचा कोड बदलल्यामुळे तो आता बसतच नाही, आणि ज्यानं लिहिला त्याचा पत्ता नाही. 'काम चालू आहे' लिहिलं की सगळ्यांना वाटतं कुणीतरी बघतंय. तेच 'पॅच शिळा झालाय, नव्या कोडवर बसवून द्यायला माणूस हवा' असं लिहिलं की कुणीतरी उचलायची शक्यता तरी असते.

तारखांचंही तेच. वर्डप्रेस 5.0 ही आवृत्ती घ्या, ते 2018 च्या 19 नोव्हेंबरला यायचं होतं, मग 27 म्हणाले, शेवटी 6 डिसेंबरला आलं. ड्रुपल हे असंच दुसरं वेबसाइटचं सॉफ्टवेअर, त्याच्या 7 व्या आवृत्तीचा सपोर्ट 2021 च्या नोव्हेंबरमध्ये संपणार होता, तो पुढं ढकलत ढकलत 5 जानेवारी 2025 ला संपला. लोक हसतात, हसू देत. तारीख हुकली याचं मला काही वाटत नाही, व्हॉलंटियरचा वेळ उरलासुरलाच असतो, पण हुकणार हे आतल्यांना कळलेलं असताना बाहेर गप्प बसायचं हे मात्र चालत नाही, कारण बाहेर कुणीतरी त्या तारखेच्या भरवशावर आपल्या क्लायंटला शब्द दिलेला असतो.

आभाराची नावं मात्र मी कधी गाळत नाही. वर्डप्रेसमध्ये कोड जमा करताना ज्यांचा हात लागला त्यांना 'प्रॉप्स' देतात, नुसतं तपासून सांगितलं असेल तरी. पैसे नाहीतच तर निदान नाव तरी.

आणि तुम्हाला यायचं असेल तर सगळा अपडेट वाचत बसू नका, 'मदत हवी' असं जिथं लिहिलंय तिथं थेट जा. कोड येत नसला तरी टेस्टिंगला चालतं, वर्डप्रेस प्लेग्राउंड, म्हणजे करून बघण्यापुरतं वर्डप्रेस, ब्राउझरमध्येच उघडतं, काही इन्स्टॉल करायला नको, तिथं पॅच चालवून बघा आणि ब्राउझर कुठला, काय दाबलं, काय व्हायला हवं होतं नि काय झालं एवढं तिकिटावर लिहा.