वाटी तीच, लायनर नवा

२००४ साली मिरजेत माझा डावा खुबा बदलला तेव्हा मी ४२ वर्षांचा होतो. मांडीच्या हाडाच्या वरच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटून हाड मेलं होतं. डॉक्टर त्याला एव्हीएन म्हणतात. तासगावात द्राक्षबागेची खरडछाटणी तोंडावर आणि मी काठीवर.

"सिमेंट लावायचं नाही," डॉक्टर म्हणाले. नवा गोळा ज्यात फिरतो ती टायटॅनियमची वाटी बाहेरून सच्छिद्र असते. छिद्रं साधारण १०० ते ४०० मायक्रॉनची असली की हाड त्यांत शिरून धातूला धरतं. पण वाटी सुरुवातीला हलता कामा नये, नाहीतर हाडाऐवजी नुसता तंतूंचा पापुद्रा तयार होतो. मला हे लगेच पटलं. डॉगरिजच्या खुंटावर कलम भरताना बांध सैल राहिला तर कलम धरतं का? सहा आठवडे वॉकर सोडला नाही.

हाड धरलं. मांडी घालायची नाही, उकिडवं बसायचं नाही, हेही पाळलं. दरवर्षी फोटो काढून दाखवायचा, हे मात्र नाही. दुखत नाही तर कशाला जा?

१५ वर्षांनी मुलीच्या हट्टापायी एक्स-रे काढला. गोळा वाटीच्या मधोमध नव्हता, वर सरकला होता. वाटी जागच्या जागी. आतला प्लॅस्टिकचा लायनर झिजला होता आणि त्याच्या बारीक कणांमुळे वाटीमागचं हाड पोखरलं जात होतं. तेही न दुखता!

"काका, वाटी काढायची नाही, लायनर बदलू. पण कंपनी आणि साईज लागेल."

इथं खरी पंचाईत. एका कंपनीचा लायनर दुसरीच्या वाटीत बसत नाही. पहिल्या हॉस्पिटलात जुनं रेकॉर्डच नव्हतं. माझ्या डिस्चार्ज कार्डावर नुसतं 'टोटल हिप'. चार दिवस घर उलथंपालथं केलं. शेवटी बेदाण्याच्या खोक्यात, खतांच्या पावत्यांखाली, इम्प्लांटचं बिल बायकोला सापडलं. मागं स्टिकर चिकटवलेले: कप ५२, हेड २८.

ऑपरेशनमध्ये डॉक्टरांनी वाटी हलवून बघितली. तसूभरही हलली नाही. पोकळीत हाडाचा चुरा भरला आणि क्रॉसलिंक्ड प्लॅस्टिकचा लायनर बसवला. तो जुन्यापेक्षा फारच कमी झिजतो. दोन महिन्यांत बागेत.

आता स्टिकरांचा फोटो तिघांच्या मोबाईलवर आहे. मूळ बिल अजून त्याच खोक्यात, पण खतांच्या पावत्यांच्या वर.